चिंच, राख आणि पिकअपचे दिवे

माझी बहीण सोमवारी वारली. ती झाशीत होती, मी साताऱ्यात. फोन भाचीने केला. मी गॅस बंद केला, पिशवी भरली आणि स्टेशनवर गेलो.

साताऱ्याहून झाशीला थेट गाडी आहे. सोडायला शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आले होते. फलाटावर त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, "वाईट झालं." मग जरा थांबून, "किल्ला मात्र चुकवू नका. आपलाच आहे तो." महाराष्ट्रातल्या माणसाचं झाशीबद्दल असं आहे. ती आपलीच असते. जायचं मात्र कुणाला नसतं. डब्यात समोरच्या बाकावर नागपूरला निघालेले एक गृहस्थ होते. झाशीचं नाव ऐकताच ते ताठ बसले आणि भुसावळ येईपर्यंत मला पराक्रम सांगत राहिले. कशासाठी चाललात, हे त्यांनी विचारलं नाही. ते मला बरं वाटलं.

ललितपूरनंतर खिडकीबाहेर खडक सुरू झाले. गोल, काळपट, कुणीतरी रचून विसरून गेल्यासारखे. मधे मोहरीची पिवळी शेतं, आणि त्यांच्यावर दुपारपासूनच उतरायला लागलेलं धुकं. झाशीला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. ऋचा स्टेशनबाहेर उभी होती. ऋचा म्हणजे भाची, सव्वीस वर्षांची. ती मला बिलगली, रडली नाही, माझी पिशवी ओढून घेतली आणि म्हणाली, "मामा, गाडी थोडी दूर लावली आहे. पोलिसवाले भैया तिला बघितलं की चिडतात."

गाडी म्हणजे ताईची पिकअप. ताईची शिवपुरी रस्त्याला रोपवाटिका होती. गुलाब, जास्वंद, लिंबाची कलमं, कुंड्या, मातीच्या गोणी असं सगळं ती या पिकअपमध्ये भरायची आणि स्वतः चालवत गावभर पोचवायची. झाशीत तिला 'गमलेवाली जिज्जी' (कुंड्यांवाली थोरली ताई) म्हणत. पिकअप कागदोपत्री पांढरी होती. पत्र्याचं जाऊ दे, पण पुढचे दोन दिवे! दिव्यांची प्लास्टिकची काच वर्षानुवर्षं बुंदेलखंडाच्या उन्हात उभी राहून जुन्या तुपासारखी पिवळी आणि गढूळ झाली होती. आत बल्ब लागला की उजेड त्या काचेतच मुक्काम करायचा.

"मामा, तुम्ही डावीकडे बघा. मी उजवीकडे बघते."

"आणि समोर?"

"समोर काही दिसत नाही, म्हणून तर."

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मी माझ्या बाजूने काढलं, आणि अशा रीतीने मी झाशीत प्रवेश केला. एका ठिकाणी मी ओरडलो, "म्हैस!" ऋचाने ब्रेक दाबला. म्हैस नव्हती, ताडपत्रीने झाकलेली हातगाडी होती. हातगाडीवाला ताडपत्रीखालून म्हणाला, "काए बिन्ना, आँधरी है का तोरी गाड़ी?" (का गं बहिणी, आंधळी आहे का तुझी गाडी?) ऋचा म्हणाली, "हओ कक्का," (हो काका,) आणि आम्ही पुढे निघालो.

ताईचं सासर लक्ष्मी गेटजवळ. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कारकुनी करायला इकडे आलेल्यांचे हे वंशज. आता तीन मजली सिमेंटचं घर, खाली मोबाइलच्या कव्हरांचं भाड्याने दिलेलं दुकान. घरात तीनच माणसं उरली होती. ताईचे यजमान श्रीधरराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची थोरली बहीण गोदाआत्या, लग्न न केलेली, पंचाहत्तरीची. आणि ऋचा. श्रीधरराव मला बघून उठले, खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभेच राहिले. ती खुर्ची ताईची होती हे मला बसल्यावर कळलं.

दुःखाच्या घरात भेटायला येणाऱ्याची मोठी अडचण असते. बोलायचं काय? आमच्याकडे ती सोय पिकअपने केली होती. माणूस आत यायचा, डोळे टिपायचा, पाणी प्यायचा, बाहेर पडताना दारातल्या पिकअपपाशी थांबायचा, आणि मग त्याची जीभ मोकळी व्हायची. "दिव्यांना मोतीबिंदू झालाय," हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की मोजणं सोडून दिलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते आत्ताच सुचल्याचं समाधान असायचं. मग उपाय. टूथपेस्ट चोळा. रॉकेल लावा. डास मारायचा फवारा मारा. एक वकील म्हणाले, कोल्ड्रिंकने धुवा. तेवढ्या लोकांपैकी ताईला शेवटी काय झालं होतं हे दोघांनी विचारलं. दिवे मात्र सगळ्यांनी हात लावून पाहिले.

सिविल लाइंसमधले एक दूरचे नातेवाईक तर फारच कळकळीने बोलले. समाजाच्या कार्यक्रमांत ते शुद्ध मराठीचा आग्रह धरतात असं ऋचाने आधीच सांगून ठेवलं होतं. ते श्रीधररावांना म्हणाले, "देखिए श्रीधरजी, ही गाडी समोर खडी राहील तर आपलं दुःख कमी होणार नाही. निकाल दीजिए. एका भंगारवाल्याला मी ओळखतो, भला माणूस आहे."

श्रीधररावांनी मान हलवली. रात्री जेवताना ते भाताकडे बघत म्हणाले, "तेराव्यानंतरच्या शुक्रवारी पिकअपचं फिटनेस आहे. मागच्या खेपेला आरटीओच्या साहेबांनी ताकीद दिली होती, दिवे असेच राहिले तर पास करणार नाही. तेव्हा, पास झाली तर ठेव ऋचा. नाही झाली तर शनिवारी भंगारवाला येईल."

"आणि नर्सरी?" ऋचा म्हणाली.

"रिक्षात किती कुंड्या बसतात?"

ऋचाने नोकरी सोडून आईबरोबर ती रोपवाटिका मोठी केली होती. रिक्षात किती कुंड्या बसतात हे तिला चांगलं माहीत होतं.

आता गोदाआत्यांबद्दल सांगायला हवं. या बाईंच्या तोंडी असे मराठी शब्द आहेत जे आम्ही साताऱ्यात शब्दकोशात बघतो. समईला त्या 'ठाणवई' म्हणतात. लहानपणापासून रोज पहाटे देवांची उपकरणी, म्हणजे पूजेची तांब्या-पितळेची भांडी, चिंच आणि राख लावून नारळाच्या काथ्याने घासायची, हा त्यांचा नेम. घरात भांडण असो, लग्न असो, नळाला पाणी असो वा नसो. पण सुतकात घरच्यांनी देवाला शिवायचं नाही. शेजारचे एक गृहस्थ येऊन दोन फुलं वाहून जात. "वाहतो," आत्या म्हणायच्या, "घासत नाही." आणि मग हात मांडीवर ठेवून बसायच्या. ताईशी त्यांचं आयुष्यभर पटलं नव्हतं असं सगळे सांगत. त्या स्वतः ताईबद्दल एक अक्षर बोलत नव्हत्या. नुसते हात चोळायच्या.

सुतक संपायला थोडे दिवस होते तेव्हाची सकाळ. खरखर असा आवाज ऐकून मला जाग आली. खाली गेलो तर गोदाआत्या दारात पिकअपपुढे पाट टाकून बसलेल्या. शेजारी तसराळ्यात चिंचेचं पाणी, वाटीत चाळलेली राख, हातात काथ्या. एक दिवा घासून झाला होता, दुसऱ्यावर जोर चालू होता.

"आत्या, हे काय?"

"कळकलेत. चिंचेशिवाय निघायचे नाहीत."

"अहो, हे पितळेचे नाहीत."

"दिवा तो दिवाच. देवाला शिवू नये. गाडीला शिवू नये असं कुठं सांगितलंय?"

मी ग्रंथालयात तीस वर्षं काढली आहेत, पण हे कुठे सांगितलंय ते मला आठवेना. शिवाय, कबूल केलं पाहिजे, दिवे सुंदर दिसत होते. पिवळेपणा गेला होता, पाण्याने भिजलेली काच लख्ख चमकत होती. ऋचा खाली आली आणि "आत्या!" म्हणून तिने त्यांना मिठीच मारली. श्रीधरराव आले. मोबाइल कव्हरांचा दुकानदार शटर अर्धं उघडून आला. म्हणाला, "वाह अम्मा, एकदम शोरूम!" आत्या पदराने घाम पुसत म्हणाल्या, "सगळे सल्ले देत होते. हात कुणी लावला?"

मग ऊन आलं आणि दिवे वाळायला लागले.

आम्ही सगळे तिथेच उभे होतो, म्हणून सगळ्यांनी ते पाहिलं. वरच्या कडेपासून पांढरी धूसर साय उतरत खाली आली. पाणी होतं तोवर राखेचे ओरखडे बुजलेले होते. पाणी गेलं आणि ते उठून दिसले. गोल गोल, एकात एक, हजारो. आधी काच पिवळी होती. आता ती पेजेसारखी झाली. दुकानदाराने शटर पुन्हा खाली ओढलं. उघडायची वेळ झाली होती तरी.

"झालं," श्रीधरराव म्हणाले. "मी भंगारवाल्याला शनिवारचं नक्की सांगतो."

गोदाआत्यांनी तसराळं उचललं, पाट उचलला आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तेरावा झाला. देव पुन्हा घरच्यांच्या हाती आले. आत्यांनी उपकरणी दोनदा घासली. बुधवारी ऋचाने मला विचारलं, "मामा, नगऱ्याला गाड्यांचा एक उस्ताद आहे. चलाल?" आम्ही निघालो तर पिकअपच्या मधल्या जागेवर गोदाआत्या आधीच बसलेल्या. हातात बटवा.

"आत्या, आपण कुठे?" ऋचाने विचारलं.

"जिथे तुम्ही."

नगरा ही रेल्वेवाल्यांच्या बाजूची वस्ती. मुन्ना उस्तादचं दुकान म्हणजे एक कडुनिंब आणि त्याच्याखाली सुटे भाग. उस्ताद मोठ्या मिशांचा, त्याहून मोठ्या आवाजाचा. त्याच्या सांगण्याप्रमाणे कानपूरपासून ग्वाल्हेरपर्यंत दिव्यांचं काम कळणारा माणूस एकच होता आणि तो आमच्यासमोर उभा होता. त्याने आमचे दिवे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"कौन ने करो जे?" (कुणी केलं हे?)

"मैंने," गोदाआत्या म्हणाल्या.

"अरे अम्मा! कौनऊ दुश्मनी हती का?" (काही वैर होतं का?)

त्याने आधी नवे दिवे बसवायचं ठरवलं. या गाडीचे मूळ दिवे आता मिळत नाहीत. पण त्याच्याकडे 'सेम टू सेम' होते. बसवायला तास गेला, कारण सेम टू सेमला चारातले दोनच स्क्रू सेम होते. लावून पाहिले तर उजवा दिवा रस्ता सोडून कडुनिंबाच्या शेंड्यावर पडला. दोन कावळे उडाले.

"उस्ताद, माकडं बघायला बढ़िया आहे," ऋचा म्हणाली.

"बिटिया, आदमी खों ऊपर सोई देखने चइए," (माणसाने वरही पाहायला हवं,) उस्ताद गंभीरपणे म्हणाला. तरी त्याने दिवे काढले. मग म्हणाला, जुनेच घासू. आणि वर्णन केलं ते ऐकून आत्या पुढे सरसावल्या. आधी खरखरीत पॉलिश पेपर पाण्यात भिजवून सबंध काच घासायची, ती पार धुरकट होईपर्यंत. मग त्याहून बारीक पेपर, मग त्याहून बारीक. शेवटी कापडाने पॉलिश आणि वर वार्निशचा एक पातळ थर.

"म्हणजे आधी खराबच करायचे?" आत्यांनी मला विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत उस्तादला हिंदीतून, "तो मैंने क्या अलग किया?"

उस्ताद हसला. "अम्मा, तुमने जो करो, सो हमें सोई करने तो. पै राख से नईं. और रुकने हतो कितऊँ." (तुम्ही केलंत ते आम्हालाही करायचंच होतं. पण राखेने नाही. आणि कुठेतरी थांबायचं होतं.)

तो डावा दिवा घासायला बसला. एका हाताने घासणं, दुसऱ्या हाताने फोन. फोनवर त्याचं कुणा साडूशी भांडण चालू होतं. भांडण तापलं की हात जोरात, भांडण निवलं की हात बंद. मी दुकानासमोरच्या गाड्यावरून मंगोडे (मुगाच्या डाळीची भजी) आणले. हिरवी चटणी इतकी तिखट होती की त्या दोन आठवड्यांत माझ्या डोळ्यांतून पहिल्यांदा उघडपणे पाणी आलं, आणि कुणी सांत्वन केलं नाही. गोदाआत्यांनी मंगोड्याला हात लावला नाही. त्या उस्तादच्या हाताकडे बघत होत्या.

"ध्यान कहाँ है तुम्हारा?" त्या अखेर म्हणाल्या आणि एक उलटा क्रेट ओढून उजव्या दिव्यासमोर बसल्या. हात पुढे केला. उस्तादने कान आणि खांदा यांच्यात फोन धरून त्यांना ओला पेपर दिला. "सीधो सीधो, अम्मा. गोल नईं."

आत्या सरळ घासू लागल्या. आणि तोंडाने पुटपुटू लागल्या. विष्णूची नावं होती, एका लयीत, हात त्या लयीवर चाललेला. नावं संपली आणि हात थांबला. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, पुढचा मागितला, पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात.

ऋचा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, भांडी घासताना पण आपण हेच म्हणता ना?"

"एका भांड्याला एकदा. जास्त नाही, कमी नाही. आईने तसंच शिकवलं." हात न थांबवता त्या म्हणाल्या. "सुतकात स्तोत्र म्हणायचं नसतं. त्या दिवशी नुसतीच घासत बसले. थांबायचं कधी, ते कळेचना." मग बऱ्याच वेळाने, कुणाकडे न बघता, "मालतीलाच घासत होते."

ताईचं नाव त्या घरच्या माणसाने इतक्या दिवसांत प्रथमच उच्चारलं. ऋचा कडुनिंबामागे गेली आणि तिथे काय ते रडली. उस्तादने फोन बंद केला. पुढचा प्रत्येक पेपर त्याने हातात तयार ठेवला आणि द्यायच्या आधी विचारलं, "अम्मा, हो गओ?"

वार्निशच्या डब्यावर बारीक अक्षरांत सूचना होत्या. वाचायचं काम माझ्याकडे आलं, दुसरं मला काही येत नव्हतं. 'धूळ नसलेल्या जागी लावावे' असं लिहिलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा समोरून विटांनी भरलेला ट्रॅक्टर गेला. उस्तादने चार बाजूंना जुनी चादर धरायला लावली. एक कोपरा मी, एक ऋचा, एक मंगोडेवाला, एक तिथे उभा असलेला कुणी गिऱ्हाईक. तरीही डाव्या दिव्यावर एक चिलट बसलं आणि कायमचं राहिलं. उजवा दिवा, आत्यांचा, स्वच्छ निघाला. त्यांनी दोन्ही दिवे बराच वेळ पाहिले आणि उस्तादला म्हणाल्या, "तुम्हारा थोड़ा रह गया." घरी जाताना त्यांनी मला बिरचून (वाळलेल्या बोरांचं आंबटगोड पीठ) घ्यायला लावलं, गूळपाण्यात कालवून प्यायला दिलं आणि स्वतःही प्यायल्या.

शुक्रवारी तपासणी. ऋचा आणि मी रांगेत सकाळपासून. साहेब तरुण होते, थंडीने नाक लाल झालेले. त्यांनी टायर पाहिले, हॉर्न वाजवून घेतला, मग भिंतीसमोर दिवे लावायला सांगितले. भिंतीवर दोन उजेड पडले, सरळ, जिथे पडायला हवे तिथे. डाव्यात एक ठिपका.

"ये क्या है?"

"सर, मच्छर," ऋचा म्हणाली.

"बाहर है?"

"नहीं सर, वार्निश में."

साहेबांनी नखाने खरवडून पाहिलं. चिलट हललं नाही. ऋचाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. "जिज्जी की गाड़ी है ना?" साहेब म्हणाले. "मेरी मम्मी गुलाब वहीं से लाती हैं." मग ते खाली वाकले, ब्रेक पाहिले, दिवे पुन्हा एकदा लावून घेतले, त्यांत पुन्हा काही सापडत नाही असं पाहून, जरा हिरमुसल्यासारखं, पास म्हणाले.

घरी आल्यावर श्रीधररावांनी ऐकून घेतलं. खाली जाऊन दिवे पाहिले. चिलटावरून बोट फिरवलं. भंगारवाल्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "भाईसाहब, मत आइए." सिविल लाइंसच्या नातेवाइकांचा संध्याकाळी फोन आला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही. मग ऋचाला म्हणाले, "हे टिकणारं नाही. वर्षभराने पुन्हा धुरकट होतील."

"पुन्हा घासू," गोदाआत्या आतून म्हणाल्या. "मी कुठे चाललेय?"

दोन दिवसांनी संध्याकाळी ऋचाने मला स्टेशनवर सोडलं. धुकं होतंच, पण उजेड आता रस्त्यापर्यंत पोचत होता. वाटेतलं सगळं मला दिसलं: फुटलेला दुभाजक, उघडं गटार, दुसऱ्याच्या घरापुढे कचरा टाकून मान फिरवणारा माणूस, निवडणुकीतून उरलेल्या हसऱ्या चेहऱ्यांचे फलक. सगळं पाहण्यासारखं होतं असं म्हणणार नाही. ऋचाचं डोकं मात्र खिडकीच्या आत होतं आणि ती दोन्ही हातांनी गाडी चालवत होती. फलाटावर ती म्हणाली, "उद्या बबीन्याला तीस गुलाब पोचवायचे आहेत." ताई अशीच निरोप घ्यायची, पुढचं काम सांगून.

गाडीत मी पुस्तक उघडलं आणि मिटलं. शोकाने माणसाची दृष्टी निवळते असं पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं मी वाचलं आहे. लिहिणाऱ्यांनी ते कुठे पाहिलं, मला ठाऊक नाही. मी पाहिलं ते इतकंच की दुःखात माणूस हाताशी असेल ते घासत सुटतो, आणि बाकीचे भोवती उभे राहून सल्ला देतात. त्यात मीही होतो. चादरीचा एक कोपरा धरला होता, एवढं माझ्या नावावर आहे.

ताई नाही. रोपवाटिका आहे. पिकअप ऋचा चालवते.